पुस्तकं झटकण्याचा दिवस

व्हितालेला इस्पितळात नेलं त्याच दिवशी ऑर्तेन्सियाने ठरवून टाकलं की या वर्षी भावाची खोली झाडझटकीतून सुटणार नाही. पेसाह, आम्हा यहुद्यांचा सुटकेचा सण, तोंडावर आला होता. सणाच्या दिवसांत घरात आंबवलेल्या पिठाचा कणही राहता कामा नये, आणि आम्हा कोरीयातांच्या घरात स्वयंपाकघरापेक्षा जास्त पीठ व्हितालेच्या पुस्तकांत सापडेल असं ती दर वर्षी म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. व्हितालेला वाचताना रोस्केत्ते लागायचे. तेलात मळलेल्या पिठाची ती खुसखुशीत कडी. एक हात पानावर आणि दुसरा बशीत, असं त्याचं जन्मभर चाललेलं. "मिसरमधून आपली सुटका झाली ती गोष्ट ज्या पुस्तकात आहे, त्याच पुस्तकात हा पावाचा चुरा साठवतो," असं ऑर्तेन्सिया येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. व्हिताले तिला दारातच अडवायचा. फरशी झाडायला परवानगी होती, पुस्तकाला हात लावायला नव्हती. सणापुरतं तो खोलीला कुलूप घालायचा आणि आतला सगळा चुरा रीतसर शेजारच्या ख्रिस्ती नावाड्याला विकून टाकायचा. धर्मशास्त्राला ते चालत होतं, ऑर्तेन्सियाला चालत नव्हतं.

आता मात्र व्हिताले दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून इस्पितळात उताणा पडला होता. मोतीबिंदू काढला होता, मान हलवायचीसुद्धा मनाई होती. त्याची मुलगी कोरिन्ना दिवसभर त्याच्या उशाशी. घर ऑर्तेन्सियाच्या ताब्यात होतं. तिने आपल्या मुलाला, आर्रीगोला, पोवळ्यांच्या पेढीवरून बोलावून घेतलं, त्याची बायको एल्वीरा आलीच, आणि तिघांनी पाट्या भरभरून पुस्तकं गच्चीवर नेली.

त्या आठवड्यात लिव्होर्नोत आमच्या कालव्याकाठच्या सगळ्याच गच्च्यांवर पुस्तकं झटकत होते. पुस्तक उघडायचं, पाठ वर करून दोन्ही पुठ्ठ्यांना धरायचं, हलवायचं, मग पाठीवर दोन थापट्या. वारा पडलेला होता. ऊन असं कोवळं की भिंतीसुद्धा मऊ वाटाव्यात. खाली कालव्यात कोळशाच्या होड्या डुलत होत्या आणि वर जुन्या कागदाचा वास पसरला होता. ऑर्तेन्सियाला फार दिवसांनी बरं वाटत होतं. चुरा पडत होता, आणि चुऱ्याबरोबर कागदाच्या चिठ्ठ्याही पडत होत्या. काही पुस्तकांतून एखादी, काहींतून मूठभर. आर्रीगो त्या गोळा करून एका पाटीत टाकत होता.

एल्वीरा फेर्रारा गावची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या घरात सगळ्या गोष्टी दुसऱ्यांदा विचारून करायची. तिने एक चिठ्ठी उन्हात धरली. "सासूबाई, यावर काहीतरी लिहिलंय."

"तो खिडकीतल्या धुळीवरसुद्धा लिहितो," ऑर्तेन्सिया म्हणाली. "खुणेचे कागद आहेत ते. झटक तू."

दुपारकडे समुद्रावरून लिबेच्चो सुटला. आमच्याकडे हा वारा सांगून येत नाही. पाटी कलंडली आणि चिठ्ठ्या उठल्या. गच्चीभर पसरल्या, कठड्यावर क्षणभर थबकल्या आणि मग सावकाश, अगदी सावकाश, कालव्यावर उतरत गेल्या. खालच्या नावाड्याने मान वर केली. पुलावरची माणसं थांबली. एल्वीरा पुढे कैक वर्षांनी कबूल करायची की तेव्हा ते दृश्य तिला इतकं सुंदर दिसलं की धावायचं सुचलंच नाही, आणि त्याची तिला लाज वाटते.

कोरिन्ना संध्याकाळी इस्पितळातून आली तेव्हा पुस्तकं स्वच्छ होऊन, रंगाने नि उंचीने लावलेली, मांडणीवर परत उभी होती. टेबलावर पाटी होती. तीत आर्रीगोने वेचलेल्या चिठ्ठ्या होत्या, आणि वरच्या फडक्यात नावाड्याने जाळीने काढून आणून दिलेल्या ओल्या चिठ्ठ्या. मास्तरांचे मासे, असं म्हणून त्याने त्या दारात ठेवल्या होत्या.

कोरिन्ना टेबलाशी आली. खुर्चीवर बसली. एक चिठ्ठी उचलली, ठेवली, दुसरी उचलली.

"नीट लावून देऊ आपण," आर्रीगो म्हणाला. "त्यात काय एवढं? नावं वाचायची आणि ज्याची त्यात ठेवायची."

"नावं नाहीत यांवर," कोरिन्ना म्हणाली. "नाव कशाला लिहितील बाबा? चिठ्ठी पुस्तकातच होती ना."

तिने त्याच्यापुढे एक धरली. व्हितालेच्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: दुसऱ्यांदा छापलेली, शेवटची दोन पानं नाहीत, छपाईचे खिळे तेच पण झिजलेले, त्रिपोलीत पाहिली. कशाची दुसरी आवृत्ती, कुणाचे खिळे, याचा पत्ता नाही. लिव्होर्नोत आजवर छापल्या गेलेल्या एकूण एक हिब्रू पुस्तकाची सूची, हे व्हितालेचं आयुष्य होतं. जी पुस्तकं त्याच्याजवळ होती त्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्यात, आणि जी परमुलखात पाहून आला त्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्या भाऊबंदांत. बर्लिनपासून जेरुसलेमपर्यंतचे पंडित त्या सूचीची वाट बघत होते. कोरिन्ना चिठ्ठ्यांवरून छापखान्यासाठी स्वच्छ प्रत उतरवत होती आणि ती प्रत निम्म्यावर आली होती.

वाट बघणारं आणखी एक माणूस होतं. त्रिएस्तचा एर्मान्नो विवान्ते, जहाजांच्या विमा कंपनीत कारकून, विधुर, स्वभावाने शांत. त्याने कोरिन्नाला मागणी घातली तेव्हा व्हिताले म्हणाला होता, सूची एकदा छापखान्यात जाऊ दे. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. कोरिन्नाच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. आता कंपनी एर्मान्नोला अलेक्झांड्रियाला पाठवत होती, आणि त्याने पहिल्यांदाच मुदत घालून लिहिलं होतं: पेसाह लागायच्या आत हो किंवा नाही कळव, म्हणजे मी एक तिकीट काढायचं की दोन ते ठरवीन. कोरिन्नाने हे फक्त एल्वीराला सांगितलं होतं. ऑर्तेन्सियाला न सांगताच माहीत होतं.

"मी जाऊन सांगते त्याला," ऑर्तेन्सिया उठली. "मी केलं, मी सांगते."

आर्रीगोने तिला धरून बसवलं. डॉक्टरने बजावलं होतं, रोग्याला धक्का बसता कामा नये, रडू नये, ओरडू नये. जखम उघडली तर डोळे गेले. पण ऑर्तेन्सियाला गप्प राहणं कुठलं जमायला. ती उभ्या जन्मात खोटं बोलली नव्हती, आणि त्याचा आमच्या घराण्याला फार त्रास झाला होता. तिने एका चुलतबहिणीला भर मांडवात सांगितलं होतं की नवरामुलगा तुझ्यापेक्षा तुझ्या बापाच्या गोदामाकडे जास्त बघतोय. रब्बींच्या प्रवचनानंतर सगळे छान झालं म्हणत असताना ती म्हणाली होती, मला झोप लागली. शेवटी तह असा झाला की व्हिताले घरी आला तरी ऑर्तेन्सिया त्याच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. दाराबाहेरून विचारपूस करील. समोर गेली तर तोंडातून निघून जाईलच, हे तिलाही मान्य होतं.

आर्रीगोचं म्हणणं पुढे होतं. जेवढी प्रत झाली तेवढी छापावी, बाकीचं राहू दे. आणि कोरिन्नाने निदान या वर्षी कुठे जाऊ नये. मामाच्या डोळ्यांचं काय होतंय ते तरी पाहावं.

"तुमच्या मामांच्या डोळ्यांची काळजी आहे," एल्वीराने विचारलं, "की ते आपल्या गळ्यात पडतील याची?"

आर्रीगोने बायकोकडे असं पाहिलं की जणू मांडणीवरचं पुस्तक बोललं. इतकी वर्षं ती त्याच्या नि सासूच्या मागे मागे होती. त्या संध्याकाळी ती खुर्ची ओढून कोरिन्नाच्या शेजारी बसली आणि ओल्या चिठ्ठ्या एकेक करून खिडकीच्या कट्ट्यावर वाळत घालू लागली. काहींवरची शाई जाऊन नुसता निळसर डाग राहिला होता. काहींवर तोही नव्हता.

व्हितालेला घोडागाडीतून घरी आणलं, जिना उचलून चढवला आणि त्याच्याच खोलीत, पुस्तकांच्या मध्ये निजवलं. डोळ्यांवर पट्टी तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरिन्ना पाटी घेऊन उशाशी बसली आणि म्हणाली की नाहीतरी पडूनच आहात, तर एक खेळ करू. मी चिठ्ठी वाचीन, तुम्ही पुस्तक ओळखायचं. तेवढीच छापायच्या आधी फेरतपासणी होईल.

व्हिताले हसला. "माझी परीक्षा घेतेस?"

"घाबरता काय?"

"वाच."

आणि मग जे सुरू झालं ते व्हितालेला स्वप्न म्हणावं की जाग हेच कळेना. पट्टीच्या आतला काळोख निखळ काळा नव्हता. त्यात तांबूस, पिवळे ढग तरंगायचे. त्या ढगांत कोरिन्नाचा आवाज यायचा, "लहान आकार, पान वीसच्या कडेला मेणाचा थेंब, ट्यूनिसमध्ये पाहिलं," आणि ढग बाजूला होऊन एक अंगण उघडायचं. लिंबाचं झाड. एक विधवा, जी म्हणाली होती, माझं कुसकुस शिजेपर्यंत बघ, शिजलं की पुस्तक परत पेटीत. तिने मुद्दाम आच मंद ठेवली होती हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं. "विलापगीतं, भाषांतरासह," तो म्हणायचा, "तिसऱ्या फळीवर, डावीकडे." फळ्या आता तशा राहिल्या नव्हत्या, पण एल्वीरा पायांचा आवाज न करता शोधायची, सापडलं की चिठ्ठी आत ठेवायची.

एका चिठ्ठीने तो स्मिर्नाला जायचा, दुसरीने अलेप्पोला. एकीने थेट वडिलांच्या छापखान्यात, जो विकून कितीतरी वर्षं झाली होती. खिळे जुळवणारे म्हातारे गुणगुणत उभे, शिशाचा नि तेलाचा वास, आणि टेबलाच्या उंचीचा व्हिताले, जो अक्षरं आधी उलटी वाचायला शिकला नि मग सुलटी. एका चिठ्ठीने तो दफनभूमीतल्या खड्ड्यात उतरला. आमच्यात जीर्ण झालेली पवित्र पुस्तकं फेकत नाहीत, माणसासारखी पुरतात; तरुणपणी तो पुरणाऱ्यांच्या हातापाया पडून आधी खड्ड्यात उतरायचा, एकेक पान वाचून टिपून घ्यायचा आणि मग बाजूला होऊन म्हणायचा, आता घाला माती. त्याचा कायदा एकच. स्वतःच्या हातात धरलं नाही ते पुस्तक सूचीत नाही. जर्मनीतल्या मोठमोठ्या पंडितांनी ऐकीव नोंदी केल्या होत्या. व्हिताले त्यांना पत्रं लिहून विचारायचा, आपण हे पुस्तक कोणत्या खिडकीशी बसून पाहिलंत? उत्तरं यायची नाहीत.

दाराबाहेर ऑर्तेन्सिया खुर्ची टाकून बसायची आणि हे सगळं ऐकायची. भाऊ इतक्या गावी जाऊन आला होता आणि तिला त्याने कधी लिंबाच्या झाडाचंसुद्धा सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, हा कागद खातो, कागद पितो. आता मटार सोलता सोलता तिचे हात थांबायचे. एकदा तिने बाहेरूनच विचारलं, "अरे, त्या बाईचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"कुसकुसवाल्या."

"मी परत गेलो नाही ताई," व्हिताले म्हणाला. "पुस्तक पाहून झालं होतं ना."

पाटीचा तळ दिसू लागला त्या दुपारी कोरिन्ना एक चिठ्ठी वाचून थांबली आणि नेहमीसारखं म्हणाली, "कुठलं पुस्तक?"

व्हितालेने पांघरुणाची कड सारखी केली. मग शांतपणे म्हणाला, "चिठ्ठी पुस्तकातून काढून वाचणारं माणूस उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगतं, कोरिन्ना. पुस्तक त्याच्या मांडीवरच असतं. तू एकदाही सांगितलं नाहीस."

एल्वीराचा हात फळीवर तसाच राहिला. दाराबाहेर ऑर्तेन्सियाच्या मांडीवरचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"कधी कळलं तुम्हाला?" कोरिन्नाने विचारलं.

"पहिल्या सकाळी. खोलीला रोस्केत्तेचा वास नव्हता. ताईने झटकलीत ना पुस्तकं?"

"हो रे बाबा, मीच," दाराबाहेरून आवाज आला, आणि जन्माची सुटका झाल्यासारखी ऑर्तेन्सिया आत येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. वारा, पाटी, कालवा, नावाडी. व्हिताले ऐकत राहिला. तो ओरडला नाही. सगळ्यांना वाटलं होतं की हे ऐकून तो जागच्या जागी मरेल, आणि तो चक्क हसल्यासारखा दिसत होता.

"मग बोलला का नाहीत?" कोरिन्ना म्हणाली.

"बरं वाटत होतं. सगळी जणू भेटायला येत होती."

कोरिन्नाने चिठ्ठी पाटीत ठेवली. ती विचार करत होती, आणि विचार करताना ती तिच्या आईसारखी दिसायची असं एल्वीराने ऐकलं होतं. ती हळू आवाजात बोलू लागली. "बाबा, सगळ्या जगातले सूचीकार चिठ्ठ्या खणात ठेवतात. अक्षरवार. नाव वर लिहून. तुम्हीच मला त्यांची चित्रं दाखवली होतीत. खण भरला की सूची पुरी होते. तुम्ही या पुस्तकांत का ठेवल्यात? नावं न लिहिता, तुमच्याशिवाय कुणाला कळू नये अशा?"

व्हितालेने मान भिंतीकडे वळवली. डॉक्टरने वळवू नको सांगितलं होतं तरी वळवली.

"आधी सवय म्हणून," तो म्हणाला. "नंतर नाही. तो त्रिएस्तचा गृहस्थ येऊन गेला त्या हिवाळ्यात मी खण करवून आणले होते सुताराकडून. माळ्यावर आहेत. खण भरायला घेतले असते तर सूची त्याच वर्षी पुरी झाली असती."

"आणि मी गेले असते."

"हो. तू गेली असतीस."

आर्रीगो तेवढ्यात पेढीवरून आला होता आणि दारात टोपी हातात धरून उभा होता. पुढे जायची कुणाची छाती नव्हती. कोरिन्ना रडली नाही. ती म्हणाली की मला फार राग आला आहे, आणि तो कुठे ठेवायचा ते मला समजत नाही. म्हणाली, तुम्ही मागितलं असतं तर मी राहिले असते. तुम्ही मागितलं नाही, घेतलंत. व्हिताले फक्त हो म्हणाला.

मग ती स्वयंपाकघरात गेली. बाकीचे तिच्या मागे. तिथे आर्रीगो म्हणाला की तू जा, मामाचं आम्ही बघू, आणि हे तो बायकोकडे न बघता म्हणाला. ऑर्तेन्सियानेही तेच सांगितलं. कोरिन्ना टेबलाची कड धरून उभी होती. "रागाने जायचं नाही मला," ती म्हणाली. "उद्या पट्टी निघते. त्यांना वाचता आलं, तर मी जाते. वाचता आलं नाही, तर मी राहते, आणि कुणी मला समजवायचं नाही. आंधळ्या बापाला पुस्तकांत टाकून तिकडे माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. या घरात भिंतींनी कधी कुणाचं काही लपवलं नाही.

दुसरा दिवस सणाच्या आदला. संध्याकाळी पेसाह लागणार. एकदा सूर्य मावळला की लिहिणं नाही, तार नाही. घरभर तांबोशी माशांच्या टोमॅटोतल्या रश्श्याचा वास, खजूर नि चेस्टनट कुटल्याचा आवाज, खिडकीतून कालव्यावरून येणारा थरथरता उजेड छतावर. डॉक्टर दुपारी आला. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं, पडदे ओढले आणि बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तो घाईत होता, अजून दोन रोगी बघायचे होते. म्हणाला, जखम भरली आहे, जाड भिंगांचा चष्मा दिला आहे, बाकी कितपत दिसतं ते त्यांनाच विचारा. तेच मला म्हणाले, मी सांगतो घरच्यांना.

घरचे आत गेले तेव्हा व्हिताले उशीला टेकून बसला होता. पडदा त्याने एका बाजूने उघडायला लावला होता. डोळे लाल, भिंगांमागे केवढे तरी मोठे झालेले, आणि चेहऱ्यावर दाढीचे खुंट. ऑर्तेन्सियाला तो लहानपणी गोवर उठून बरा झाला होता तसा दिसला.

"दिसतंय," तो म्हणाला.

"काय दिसतंय?" कोरिन्ना दारातून पुढे आली नाही.

"तू दिसतेस. दारात उभी आहेस, रागावलेली."

"ते पट्टीतूनही सांगितलं असतंत. वाचून दाखवा."

"देईल कुणीतरी काही तर वाचीन ना. ताई, एखादी चिठ्ठी दे गं इकडे. कुठलीही."

ऑर्तेन्सिया खिडकीजवळ होती. तिला डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं नीट दिसत नव्हतं. हाताला लागली ती चिठ्ठी तिने उचलली आणि त्याच्या बोटांत दिली. व्हितालेने ती उजेडाकडे तिरकी केली, भिंगाजवळ नेली, थोडी लांब धरली. मग वाचू लागला. आवाज सावकाश, जुन्या शाळामास्तराचा, स्वल्पविरामावर थांबणारा.

"प्रवाशांसाठी प्रार्थना. खिशात मावेल असा आकार. आमच्या वडिलांच्या छापखान्यात, त्यांच्या धंद्याच्या पहिल्या वर्षी. जहाजाने जाणाऱ्यांसाठी थोड्याच प्रती काढलेल्या. कागद पातळ, निळसर. या प्रतीत पहिल्या पानावर बाईच्या हातची नोंद आहे: सुखरूप पोचले. शेवटचं पान घडी घालून मळलेलं. घरी, खिडकीशी बसून पाहिली."

कोरिन्नाने दाराची चौकट सोडली. तिचा चेहरा कसा झाला ते एल्वीरा पुढे अनेकदा सांगायची आणि प्रत्येक वेळी तिला ते सांगता यायचं नाही. ती खोली ओलांडून आली, वाकून तिने बापाच्या कपाळावर ओठ टेकले आणि तसंच थोडा वेळ ठेवलं. राग पुरता गेला होता असं नाही, तसं तिने त्याला सांगितलंही. म्हणाली, तिकडून भांडेन मी, पत्रांतून. व्हिताले म्हणाला, भांड. बाकीची प्रत आर्रीगोची बायको उतरवील, तिला आता सगळी पुस्तकं पाठ आहेत. एल्वीरा हो म्हणाली. मग कोरिन्नाने टोपी घातली, आर्रीगोने तिला तारघर बंद व्हायच्या आत पोचवतो म्हणून हात पुढे केला, आणि तिघं एकदमच जिना उतरली.

खोलीत भाऊबहीण उरले. ऑर्तेन्सियाने डोळे पुसले आणि चिठ्ठी परत घेण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा तिला ती दिसली. खिडकीच्या कट्ट्यावर वाळत घातलेल्यांतली होती. दोन्ही बाजूंनी कोरी. पाण्याने सुरकुतलेला नुसता कागद, त्यावर शाईचा डागसुद्धा नव्हता. तिने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. भिंगांमागचे ते मोठे डोळे तिच्या खांद्याच्या थोडे पलीकडे, भिंतीवर लागले होते.

खाली रस्त्यावर कोरिन्नाच्या बुटांचा आवाज पुलापर्यंत गेला. तिला हाक मारायला खिडकी उघडीच होती. ऑर्तेन्सिया खिडकीशी गेली, कट्ट्यावर हात ठेवला, आणि तशीच उभी राहून भाची कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिली.

"गेली?" व्हितालेने विचारलं.

"गेली."

ती त्याच्याजवळ पलंगावर बसली. त्याने कागद अजून धरलेला होता, दोन बोटांत, जपून.

"ताई," तो म्हणाला, "कुठली होती गं चिठ्ठी?"

ऑर्तेन्सियाने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"तू वाचलीस तीच," ती म्हणाली.